पाचापैकी चार बरोबर

अनंत चतुर्दशीनंतरचा शनिवार, सप्टेंबर २०२४. विश्वामित्री नदीचा पूर ओसरून तीन आठवडे झाले होते, तरी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्या ग्रंथालयात ओल्या कागदाचा वास जात नव्हता. गोष्टीच्या तासाला अकरा मुलं आली. ही मुलं शिकतात इंग्रजी नाहीतर गुजराती माध्यमात. मराठी बोलतात ती आजीशी. म्हणून मी वाचते, ती ऐकतात.

त्या दिवशी हातात नवी अद्भुत कादंबरी होती. चकचकीत मुखपृष्ठ, किंमत ४९९ रुपये. बालविभागाच्या वर्षाच्या खरेदीतलं सगळ्यांत महाग पुस्तक, आणि निवड माझीच. मलपृष्ठ वाचून भाळले होते. याच शहरात सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. आणि मी मलपृष्ठावर पुस्तक घेते!

पहिल्या पानावर पोरका मुलगा. दुसऱ्यावर त्याच्या मनगटावरची खूण. मग छळणारी मामी, पांढऱ्या दाढीचे गुरुजी, जुनी भविष्यवाणी, हरवलेले तीन मणी, डोंगरात झोपलेला ड्रॅगन. तिसऱ्या प्रकरणापर्यंत माझाच आवाज सपाट झाला होता. तेवढ्यात मागून पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "काकू, मने खबर छे. गुरुजी मरणार."

एरवी मी गप्प केलं असतं. त्या दिवशी पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि म्हटलं, "बरं, आणखी काय काय होणार, सांगा."

फळ्यावर पाच अंदाज लिहिले. गुरुजी मरणार. गोड बोलणारी शिक्षिका शत्रूला सामील असणार. तिसरा मणी पहिल्यापासून मुलाच्याच गळ्यात असणार. मुलाचे वडील जिवंत निघणार. पाचवा अंदाज एका तिसरीतल्या पोराचा: सगळं गाव पळून गेल्यामुळे ड्रॅगन उपाशी मरणार.

मी मागची पानं चाळली. पहिले चार बरोबर. पाचवा चुकला, पण मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकात नव्हती अशी गोष्ट त्या चुकलेल्या अंदाजात होती.

साच्यावर माझा राग नाही. श्रावणातल्या कहाण्या 'आटपाट नगर होतं'नेच सुरू होतात. वेताळ दरवेळी राजाच्या खांद्यावरून निसटून त्याच झाडाला लोंबकळतो. पण शुक्रवारच्या कहाणीत, एकदा हाकलून दिलेली बहीण श्रीमंत झाल्यावर भावाकडे जेवायला बसते, अंगावरचे दागिने काढून पाटावर मांडते आणि एकेक पक्वान्न त्यांच्यावर ठेवत जाते. ही गोष्ट मी याच मुलांना श्रावणात सांगितली होती. "ती दागिन्यांना का भरवतेय?" असं सगळी एकदम ओरडली होती, आणि उत्तर कळल्यावर कोणीच बोललं नव्हतं. सुरुवात पाठ, शेवट पाठ, तरी मधे पाय घसरतो. या कादंबरीत घसरायला जागाच ठेवलेली नव्हती. लेखकाला स्वतःलाच पुढचं कळायची घाई नसावी.

तास अजून अर्धा शिल्लक होता. नदीकाठच्या सोसायटीत राहणारा एक मुलगा, जो सहसा बोलत नाही, म्हणाला, "काकू, ड्रॅगन असा नसतो."

"मग कसा असतो?"

"आमच्याकडे पुरात मगर आली होती. पार्किंगमध्ये. लाइट नव्हती. पप्पांनी जिन्यातून टॉर्च मारली तर नुसते दोन डोळे चमकले. तिनं काहीच केलं नाही. आमच्या स्कूटरखाली पडून राहिली. आजी म्हणाली, तीही घाबरली असेल."

"मग?"

"मग काही नाही. सकाळी जंगल खात्याची माणसं आली, तोंड बांधलं, उचलून नेली. स्कूटरला शेवाळ लागलं होतं."

खोलीत कोणी हललं नाही. शेवाळाचा रंग कसा होता, हे एकीनं विचारलं. दुसऱ्यानं विचारलं, मगरीला रात्री भूक लागली नसेल का? तिसरीतल्या पोराचा ड्रॅगन पुन्हा उपाशी राहिला, आणि उरलेला तास त्या दोघांनीच खाल्ला. मी फळा पुसायचंही विसरले.

पुस्तकं आवरताना ती पाचवीतली मुलगी टेबलाशी आली. ४९९ रुपयांच्या कादंबरीवर हात ठेवून म्हणाली, "ही घरी नेऊ?"

"अगं, शेवट तर तुला ठाऊक आहे."

"हो, पण वडील नक्की कितव्या पानावर येतात ते बघायचंय. मी एकशे ऐंशी म्हटलंय."

देवघेवीच्या वहीत तिचं नाव लिहिलं आणि पुस्तक दिलं.