इंग्रजीच्या तासाला खेळ कशासाठी?

पालकसभेत मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा : मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी उतारा धड वाचता येत नसताना तुम्ही तासाला खेळ का घेता, आणि त्याने वाचन खरोखर सुधारते का?

सुधारते, पण कोणत्याही खेळाने नाही. शब्दार्थांच्या जोड्या लावल्याने किंवा आधी बझर दाबणाऱ्याला गुण दिल्याने शब्द पाठ होतात. मजकूर काय सांगतो आणि काय सांगायचे टाळतो, हे पारखण्याची सवय त्यातून लागत नाही. ती लागायला हवी असेल, तर मजकुरातला पुरावा दिल्याशिवाय गुण मिळता कामा नये.

मुलुंडच्या आमच्या शाळेत नववीची मुले घरांच्या इंग्रजी जाहिराती घेऊन खेळतात. चौघांच्या गटाला विधानांची कार्डे मिळतात आणि ती ‘मजकुरात आहे’, ‘मजकुरावरून निघते’ व ‘मजकुरात नाही’ अशा तीन ढिगांत लावायची असतात. आधाराची ओळ इंग्रजीतच वाचून दाखवावी लागते. चर्चा मात्र मी मराठीत होऊ देते, कारण इंग्रजी बोलण्याच्या धास्तीने मुलांचा विचारच खुंटतो. समोरच्या गटाचे आव्हान टिकले तर गुण त्यांचा, नाही तर त्यांचाच एक कमी होतो. बदलापूरच्या एका जाहिरातीत ‘स्टेशनपासून फक्त पाच मिनिटे’ असे होते, आणि ‘चालत पाच मिनिटे’ हे कार्ड एका गटाने बिनधास्त पहिल्या ढिगात टाकले. “चालत की रिक्षाने, कुठे लिहिलंय? ओळ दाखव,” असे एका मुलीने विचारताच गट पुन्हा जाहिरातीत डोके घालून बसला. तोवर तिनेच पुढचा प्रश्न टाकला : “आणि स्टेशन कुठलं?” नावही दिलेले नव्हते.

यानंतर मुले स्वतः जाहिरात लिहितात : एकही वाक्य खोटे नको, तरी वाचणारा फसला पाहिजे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांच्या सहभागातून २०१८ मध्ये आलेल्या ‘बॅड न्यूज’ या ऑनलाइन खेळात खेळाडूच दिशाभूल करणाऱ्याच्या भूमिकेत असतो. त्यावरून मला हे सुचले. आम्ही मात्र कागदावरच खेळतो, कारण अनेक घरांत एकच मोबाइल असतो आणि तो आईवडिलांबरोबर कामावर गेलेला असतो.

शिक्षकांना एकच सांगेन : मजकूर पाठ्यपुस्तकापेक्षा सोपा निवडा. अनोळखी शब्दांची गर्दी झाली, की मुले पुरावा शोधणे सोडून अंदाजाने कार्डे लावू लागतात.