सँडर कोणता घेऊ, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, एकच घ्यायचा झाला तर कोणता सँडर घेऊ?"

सँडर म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करायचं मशीन. मी जुनं फर्निचर दुरुस्त करते, म्हणून लोक हे माझ्या शेडवर येऊन विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मी फळ्या उलटसुलट करून बघत असले तर मागून येऊन विचारतात. मी म्हणते, कशावर मारणार? की समोरचा हिरमुसतो. त्याला कंपनीचं नाव आणि किंमत हवी असते. मग तो बाहेर जाऊन सांगतो, ताई सांगत नाहीत, धंद्यातलं राखून ठेवतात. हे माझ्या कानावर आलंय आणि मला लागलंय. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आधी तुम्हाला हवं ते उत्तर. पाच इंची रँडम ऑर्बिटल घ्या, म्हणजे १२५ मिलिमीटरच्या चकतीचा, वेग कमीजास्त करता येणारा. ही चकती स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी दोन-अडीच मिलिमीटरच्या घेरात डुलतेही. त्यामुळे चकतीला लावलेल्या पॉलिश पेपरचा एकच कण एकाच वाटेने पुन्हा पुन्हा जात नाही आणि खोल ओरखडा पडत नाही. दाराच्या चौकटीत उभं लाकूड आडव्याला भिडतं, त्या जोडावरूनही हा निर्धास्त फिरतो. सरळ रेषेत घासणारा सँडर तिथे एका बाजूच्या रेषांना आडवा जातो. कोपऱ्यात मात्र गोल चकती शिरणार नाही. तिथे चौकोनी पॅडचा छोटा फिनिशिंग सँडर चालतो. पॉलिश पेपरच्या एका पानाचे चार तुकडे करायचे आणि एक तुकडा त्याला लावायचा. तो सावकाश काम करतो, पण बिघडवतही सावकाशच.

चार इंची ग्राइंडरला फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती, लावून टेबलं घासणारे खूप आहेत. त्यांना दोष देत नाही, साइटवर हाताशी तेच मशीन असतं. पण ते मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतं. हात जरा कलला की लाकडात वाटी पडते, आणि ती पॉलिश चढल्यावरच दिसते. तोवर मिस्त्री पुढच्या साइटवर गेलेला असतो.

आता बेल्ट सँडरचं, म्हणजे ज्यात पेपरचा अखंड पट्टा फिरतो त्याचं. तुमच्यातल्या निम्म्यांना खरं तर तोच हवा असतो, हे मला माहीत आहे. तो दिसतोही तसा, कामाचा, वजनदार. मलाही तसाच वाटला होता.

तीन वर्षांपूर्वी एक काकू लिहायचं टेबल घेऊन आल्या. पेठेतला वाडा पाडायला निघाला होता, त्यातलं हे त्यांच्या यजमानांचं टेबल. ते शिक्षक होते, तीस वर्षं याच टेबलावर त्यांनी पेपर तपासले. पाय सागाचे, पृष्ठभागाच्या चारही कडांना दोन सूत जाडीची सागाची पट्टी. वर उजव्या हाताला शाईचा डाग, तळहाताएवढा, निळा-काळा. काकू म्हणाल्या, खण अडकतोय आणि पॉलिश गेलंय, तेवढं बघ.

मी नवा बेल्ट सँडर घेऊन महिना झाला होता. ८० नंबरचा खरखरीत पट्टा चढवला (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक). तो पट्टा मिनिटाला तीनेकशे मीटर धावतो, म्हणजे तुम्ही "एक" म्हणेपर्यंत पाच मीटर पेपर लाकडावरून गेलेला असतो. जुनं पॉलिश झरझर निघालं, सागाचा तो ओळखीचा वास सुटला. डाग फिका झाला, पण जाईना. खोल मुरलाय, असं वाटून मी तिथेच मशीन जरा धरून ठेवलं. फार नाही, चार-पाच सेकंद. डाग गेला. आणि त्याच्या जागी पिवळट पांढरं, रेषा आडव्या गेलेलं दुसरंच लाकूड वर आलं.

मी मशीन बंद केलं तेव्हा बोटं झिणझिणत होती. ती पांढरी जागा मी ओल्या फडक्याने पुसली, जशी काही ती धूळच आहे.

टेबल भरीव सागाचं नव्हतं. साधं लाकूड, त्यावर सागाचं विनियर, म्हणजे लाकडाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा, आणि कडेच्या पट्टीने ते झाकलेलं. विनियर अर्धा मिलिमीटर असतं, फार तर पाऊण. खण मी आधीच काढून ठेवला होता. त्या पोकळीत टॉर्च मारली असती तरी खालचं लाकूड वेगळं आहे हे कळलं असतं.

काकू आल्या, टेबलावरून हात फिरवत त्या जागेशी थांबल्या. "इथे काय झालं?"

"डाग काढताना घासलं गेलं," मी म्हणाले. घासलं गेलं. जसं काही ते आपोआप घासलं गेलं होतं.

"डाग काढायला कुठे सांगितलं होतं मी?"

खरंच सांगितलं नव्हतं. यजमान तिथे बसून पेनात शाई भरायचे. मी म्हणाले, काकू, वर नवीन सागाचं विनियर बसवून देते, माझ्या खर्चाने, कळणारसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "मग ते यांचं टेबल कसं राहील गं?" पैसे मी घेतले नाहीत. टेबल त्या तसंच घेऊन गेल्या.

मी हे सांगितलं की लोक म्हणतात, चूक तुमची, मशीनची नाही. मान्य. पण अगदी पूर्ण मान्य नाही. तोच डाग मी १५० नंबरच्या पेपरने हाताने घासत असते, तर रंग बदलायला लागल्याचं मला दिसलं असतं आणि थांबायला वेळ मिळाला असता. बेल्ट सँडर तो वेळ देत नाही. दुसरीकडे, रँडम ऑर्बिटलनेसुद्धा मी ते विनियर फोडलंच असतं, मिनिटभर उशिरा. कारण डाग म्हणजे खराबी आणि खराबी काढायची असते, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्या वेळची मी आजही माझ्याशी भांडते. ती म्हणते, गिऱ्हाईक पॉलिश करायला देतं ते नवं दिसावं म्हणूनच ना? मिस्त्रींनी तुला हेच शिकवलं ना? तिचं खोटं आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही. दहातली आठ गिऱ्हाइकं डाग राहिला तर पैसे कापतात.

आणि बेल्ट सँडर मी विकलेला नाही. वाड्यांच्या जुन्या तुळयांवर, दोन फळ्या सांधताना एक सूतभर वर राहिली तर, भरीव सागावर, त्याच्यासारखा तोच. फक्त चालवायची रीत उलटी आहे. रँडम ऑर्बिटल आधी लाकडावर टेकवायचा आणि मग चालू करायचा, नाहीतर हवेत पूर्ण वेगात फिरलेली चकती टेकताच चंद्रकोरी उमटवते. बेल्ट सँडर आधी हवेत चालू करायचा, चालता ठेवूनच टेकवायचा आणि चालता असतानाच उचलायचा. तो जागेवर थांबला की खड्डा. दाबायचं दोन्हींना नाही, मशीनचं वजन पुरतं. लाकडावर पेन्सिलीने नागमोडी रेघा ओढा. रेघा गेल्या की तो नंबर संपला, पुढचा लावा. ८०, १२०, १८०. ८० वरून थेट २४० ला उडी मारलीत तर ८० चे ओरखडे पॉलिशखाली चमकत राहतील. साग तेलकट, पेपर लवकर भरतो, तेव्हा पेपरला कंजूषपणा करू नका.

बाल्कनीत काम करणाऱ्यांना हात जोडून सांगते, मास्क लावा, साधा कापडी नको, एन-९५. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. वाड्याच्या दारावर जुना ऑइलपेंट असेल तर सँडर लावूच नका. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल सांगता येत नाही, आणि घरात लहान मूल असेल तर ती पूड त्याच्या हाताला लागणार.

तर कशावर मारणार, हे मी का विचारते ते आता कळलं असेल. राखून ठेवण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. त्याच टेबलाच्या दोन खुर्च्या आहेत, वेत तुटलाय, हातांवरचं पॉलिश गेलंय. तीन वर्षांनी त्यांनी मलाच का फोन करावा, मला विचारवलं नाही. हो म्हणाले. डाव्या खुर्चीच्या उजव्या हातावर, जिथे कोपर टेकतं तिथे, लाकूड झिजून गुळगुळीत झालंय, बाकीच्यापेक्षा दोन छटा काळं. खुर्च्या तीन आठवडे शेडमध्ये आहेत. वेत काढलाय, सांधे सरसाने पक्के केलेत. त्या हाताला अजून काहीच लावलेलं नाही.