तर्री आवडली की पोहे?

नागपुरात कुणी तर्री-पोह्यांवर खूश झालं, म्हणून त्याला साध्या कांदेपोह्यांकडे नेण्यात अर्थ नसतो. जीव जडलेला असतो तर्रीवर. अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांच्या, शिफारशीत नेमकी हीच गफलत होते. ‘डेथ नोट संपली ना बे, तशीच एखादी सांग,’ म्हटलं की समोरचा खून आणि पोलीस असलेलं काहीही पुढ्यात टाकतो.

आधी विचारावं, कोणते भाग पुन्हा पाहिले? डेथ नोटचे भाग ३७. पंचविसाव्यानंतर मजा गेली असं जो म्हणतो (का, ते इथे सांगणं पाप), त्याला दोन डोक्यांची झुंज आवडलेली असते. त्याला २५-२५ भागांचे दोन सीझन असलेली कोड गियास द्यावी, किंवा जुगाराच्या पटावर घाम फोडणारी काइजी. माणूस राक्षस कसा होतो, हे ज्याला छळतं त्याच्यासाठी जपानी चित्रकथाकार उरासावांची मॉन्स्टर: ७४ भाग, चाल संथ. हे आधीच बजावावं, नाहीतर सहाव्या भागाला फोन येतो, ‘काऊन भाऊ, काहीच होऊन नाही राहिलं.’ आणि जो नुसत्या चित्रांवर भाळलाय, त्याला हिकारू नो गो. खून नाही, भानगड नाही, गो नावाचा पटावरचा खेळ. पण डेथ नोटचे चित्रकार ओबाता ताकेशी यांचाच हात. ऐकणारा आधी तोंड वाकडं करतो, करू द्यावं.

नाव पूर्ण सांगावं. फुलमेटल अल्केमिस्ट दोनदा झाली: २००३ची ५१ भागांची आणि २००९ची ब्रदरहूड, ६४ भागांची. पहिलीच्या वेळी मूळ मांगा (जपानी चित्रकथा) अपुरी होती, म्हणून ती अर्ध्यातून वेगळ्याच वाटेला गेली. नारुतोच्या २२० भागांत १३५नंतरचे बहुतेक फिलर. मांगा पुढे सरकेपर्यंत घातलेलं पाणी. हे न सांगितल्यानं कितीतरी जणांनी ती तिथेच सोडली.

वेळेचा हिशोबही द्यावा. एक भाग साधारण २४ मिनिटांचा, सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं वगळलं तर २१. म्हणजे १२ भागांची मालिका सव्वाचार तासांत उरकते, मे महिन्यातल्या एका दुपारी, कूलरचं पाणी संपायच्या आत. नवख्याला तेवढंच द्यावं, आणि नाव एकच. पाच नावं दिली की तो पाचही लिहून घेतो आणि एकही बघत नाही.

दीक्षाभूमीच्या या शहरात वाचणाऱ्या घरांना मात्र मारामारीच्या मालिकांआधी चित्रकथाकार तेझुकांची बुद्ध ही मांगा सुचवायला हवी. ती १९७२ ते १९८३ अशी चालली, आणि विनोदासकट बुद्धचरित्र सांगते. बहुतेक मांगा उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात, तशी असेल तर हातात देताना हेही सांगून टाकावं. नाहीतर वाचणारा सवयीनं डावीकडून पुस्तक उघडतो आणि पहिल्या मिनिटातच शेवट बघून मोकळा होतो.