जड पाण्याचा थर: टोकं अखेर मऊ झाली

जड पाण्यातल्या कॅल्शियमच्या थराने केसांच्या टोकांना आलेला राठपणा हलला! मागच्या नोंदीतलं मिश्रण (लिटरभर नळाच्या पाण्यात एक ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि दोन ग्रॅम डायसोडियम ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम पकडणारं रसायन) आता बाद समजा. ते थर का काढत नव्हतं, याचा उलगडा झाला.

ईडीटीएची कॅल्शियमवरची पकड पीएचवर (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ठरते. सहाच्या आसपास आणि वर ती पक्की, चारला अगदी ढिली. आम्लासोबत एकाच बाटलीत गेल्यावर ईडीटीए नुसतं नावाला उरतं. त्याची जागा शाम्पूत. घटकांच्या यादीत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए अगदी शेवटी असेल, तर ते बहुधा शाम्पू टिकावा एवढ्यापुरतंच. थर काढण्यासाठीच बनवलेला शाम्पू घ्या. फेस केसांवर चार-पाच मिनिटं राहू द्या. दोन ते चार आठवड्यांतून एकदा पुरे, रोज वापरला तर केस कोरडे पडतात.

दुसरी गोम पाण्यात. लिटरला एक ग्रॅम सायट्रिकने आरओच्या (क्षार काढून टाकलेल्या) पाण्याचा पीएच २.८ च्या आसपास येतो. नळाच्या पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल पचवायची ताकद) ३०० पीपीएम असेल तर तेवढ्याच आम्लाने तो ४ च्या जवळच अडकतो, कारण बायकार्बोनेट आम्ल खाऊन टाकतं. म्हणून ग्रॅमवर विसंबू नका, पीएचची पट्टी बुडवून बघा. लक्ष्य ३.५ ते ४. केसाचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला त्याच्यावरचा एकूण भार शून्य होतो) ३.६७ च्या आसपास आहे. त्याच्या जवळ गेलं की कॅल्शियम धरून ठेवणारा ऋण भार कमी होतो.

आरओच्या पाण्याला लिटरमागे ०.१ ग्रॅमच पुरतं, पीएच साधारण ३.५. एवढंसं साध्या काट्यावर मोजता येत नाही. दहा ग्रॅम सायट्रिक विरघळवून एकूण १०० मिली द्रावण करा. त्यातलं एक मिली म्हणजे ०.१ ग्रॅम. द्रावणाला बुरशी धरते, तेव्हा थोडंच करा.

थर गेल्याची खूण: ओली बट चिमटीत धरून टोकाकडे ओढली की करकर लागत नाही आणि रुंद दातांचा कंगवा न अडकता उतरतो. रंगवलेल्या केसांना वेळ जास्त लागतो, ते कॅल्शियम जास्त ओढतात.

टीडीएस मीटरवर पैसे घालवू नका. तो एकूण क्षार दाखवतो, पाण्याचा जडपणा नव्हे; त्यासाठी थेंब मोजायचं किट हवं. शॉवरला लावायचे कार्बनचे फिल्टर क्लोरीन पकडतात, कॅल्शियम तसंच जाऊ देतात. जाहिरातीत काहीही म्हणोत.

आतापर्यंतचा क्रम: शाम्पू, कंडिशनर, नळाचं पाणी, शेवटी लिटरभर आम्लाचं आरओ पाणी. पण हे लिहिताना वाटतंय, कंडिशनरचाच पीएच ४ असेल आणि तो आरओच्या पाण्यानेच धुतला, तर आम्लाची वेगळी फेरी कशाला? पुढच्या धुण्याला डाव्या बाजूला आम्लाचं पाणी, उजव्या बाजूला नुसतं आरओ. कंडिशनर दोन्हीकडे तोच.