तळघरातला कंट्री अल्बम: पेडल स्टील, ऑर्गन आणि गंधाराचं भांडण

मंडळी, मागच्या नोंदीत ड्रम, उभा बेस आणि अकूस्टिक गिटार इथपर्यंत आलो होतो. त्यानंतर पाहुणे वादकांची ये-जा सुरू झाली ती अजून चालूच आहे. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी नॅशव्हिलला राहतो, दिवसा नोकरी, रात्री घराच्या बेसमेंटमध्ये रेकॉर्डिंग. मराठी गाणी, चाली माझ्या, बाज कंट्रीकडे झुकणारा. नुसतं 'कंट्री' म्हणायला जीभ रेटत नाही, कारण एका गाण्यात ऑर्गन आहे आणि एक चाल सरळ पहाडीत शिरते.

बऱ्याच जणांनी विचारलं होतं की इथल्या वादकांना मराठी गाणी कळतात कशी. कळावी लागत नाहीत. नंबर चार्ट दिला की काम होतं. जॉर्डनेअर्स या गायकांच्या चौकडीतल्या नील मॅथ्यूजनं १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत वापरायला घेतली आणि चार्ली मॅकॉयसारख्या सेशनवाल्यांनी (स्टुडिओत रेकॉर्डिंगपुरते वाजवणाऱ्यांनी) ती शहरभर पसरवली. स्केलमधल्या पहिल्या स्वरावरचा कॉर्ड म्हणजे १, चौथ्यावरचा ४, पाचव्यावरचा ५. मायनर असेल तर पुढे छोटी रेघ, बारभर (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) नुसता धरून ठेवायचा असेल तर आकड्याभोवती चौकट तिरकी करून, एका बारमध्ये दोन कॉर्ड असतील तर दोघांखाली एकच रेघ. पेटी शिकलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. सा, म, प डोक्यात आधीच बसलेले असतात. गाणाऱ्या ताई आयत्या वेळी म्हणाल्या, "काळी दोन जड जातेय आज, पांढरी दोन करूया." कागदाच्या डोक्यावरची पट्टी तेवढी बदलली. खालच्या एकाही आकड्याला हात लावावा लागला नाही. बेसवाल्यानं मान डोलावली आणि अर्धा सूर खाली सुरू.

चार्टमध्ये मी एकच भर घातलीय. प्रत्येक ओळीत ताई श्वास कुठे घेतात तिथे टिक. ही मागणी स्टीलवाल्याची. त्याला शब्दांचा अर्थ नको होता. "ती कुठे थांबते तेवढं सांग," म्हणाला. याचा फायदा असा झाला की मलाच माझ्या गाण्यांचा आराखडा दिसला. माझी बरीच कडवी अष्टाक्षरी आहेत. चार बारची ओळ धरली तर शब्द दोन-अडीच बारमध्ये संपतात आणि पुढचा दीड बार मोकळा. कंट्रीत फिल, म्हणजे ओळींच्या मधले छोटे तुकडे, वाजतात ते याच मोकळ्या जागेत. दीड बार, आणि हक्क सांगणारे सात जण. अल्बमची खरी अडचण ही आहे, बाकीचं सगळं माईक आणि केबल.

पेडल स्टील

या वाद्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण विचारणा सर्वात जास्त याचीच. व्हॅन शिप्लेंच्या रेकॉर्डी ऐकलेल्यांना हवाईयन गिटार ओळखीची असेल. मांडीवर आडवी गिटार, डाव्या हातात स्टीलचा दांडा. पेडल स्टील तिचीच पुढची पिढी, फक्त चार पायांवर उभी, खाली पेडलं आणि गुडघ्यानं ढकलायचे लिव्हर. ई-नाईन ट्यूनिंगला दहा तारा. पहिलं पेडल दाबलं की पाचवी आणि दहावी तार बी वरून सी-शार्पवर चढते. दुसऱ्यानं तिसरी आणि सहावी जी-शार्पवरून ए वर. दोन्ही एकदम दाबली की दांडा जागचा न हलवता ई चा कॉर्ड ए चा होतो, म्हणजे १ वरून ४ वर. आणि या सगळ्यात ई ची तार जिथल्या तिथे. एक स्वर स्थिर, त्याच्या शेजारचे दोन वर सरकतायत. कंट्रीतला तो रडवेला आवाज इथून येतो. सतारीच्या मींडेची सवय असलेल्या कानाला यात आणखी एक मजा दिसते: मींड एका स्वराची असते, इथे कॉर्डचे दोन पाय चालतात आणि तिसरा उभा राहतो.

स्टीलवाल्याच्या उजव्या पायाकडे बघत बसलो होतो. तो पाय व्हॉल्यूम पेडलवर. तार छेडताना पेडल थोडं मागे, मग आवाज मरायला लागला की हळूहळू पुढे. म्हणून त्या वाद्याचा स्वर विझत नाही. हे माहीत नसेल तर मिक्समध्ये आपण वर कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार दाबून सारखे करणारा) लावून बसतो आणि त्याच्या पायाची सगळी मेहनत सपाट करतो. मी कॉम्प्रेसर लावलेला नाही. अँपसमोर एक एसएम-५७ माईक, शिवाय डीआयची, म्हणजे माईकविना वाद्यातून थेट येणारी, लाइन वेगळी. रिव्हर्ब त्याच्या अँपचाच, कारण तो रिव्हर्ब ऐकत-ऐकतच स्टीलवाला वाजवतो. कोरडा सिग्नल डीआयमध्ये आहेच, पुढे हवा तर आहे.

ऑर्गन

आमच्या मंडळातले एक काका नाट्यसंगीताला साथ करतात. त्यांना एका पुराण्या वस्तूंच्या दुकानात एस्टी कंपनीचा पायानं भाता मारायचा ऑर्गन मिळाला. ही कंपनी व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोची. असे ऑर्गन एकेकाळी इथल्या घराघरांत आणि खेड्यातल्या चर्चमध्ये होते, आणि याच जातीची वाद्यं तिकडे संगीत नाटकाच्या पिटात जाऊन बसली. बालगंधर्वांच्या गाण्यामागचा ऑर्गन आणि टेनेसीतल्या चर्चमधला ऑर्गन ही एकाच कुळातली भावंडं. आपली पेटी हवा बाहेर ढकलते, हा आत ओढतो, म्हणून आवाजाला तो गोल मऊपणा. एका गाण्यात हा हवाच, असं मी पहिल्यापासून धरून बसलो होतो.

काका आले, वाजवलं, सुंदर वाजवलं. मग तेच गाणं स्टीलबरोबर ऐकलं आणि दोघांचेही चेहरे उतरले.

कारणं दोन. ऑर्गन हल्लीच्या नेहमीच्या मापाला, म्हणजे ए = ४४० हर्ट्झला, नाही, थोडा चढा आहे. आतल्या पत्त्या (रीड) घासून उतरवता येतात, पण जुन्या वाद्याच्या पत्त्यांना कानस लावायची माझी तयारी नाही आणि काकांची तर मुळीच नाही. हा प्रश्न तसा सोपा. त्या गाण्यापुरता क्रम उलटा केला: ऑर्गन आधी, मग सगळ्यांनी त्याला धरून सूर लावायचा. फिडल, स्टील, गिटार, सगळी लावता येतात. बेसवाल्यानं कुरकुरत पुन्हा वाजवलं.

दुसरं कारण जास्त खोल. ऑर्गनचा गंधार समान अंतराचा, म्हणजे षड्जापासून ४०० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). स्टीलवाले आपला गंधार कानानं लावतात, खाली, नैसर्गिक ३८६ च्या दिशेनं. अगदी तिथपर्यंत सगळेच जात नाहीत, पण समान अंतरापेक्षा तो उतरलेला असतोच. दोघांनी एकाच वेळी ग धरला की मधलं अंतर डुगडुगायला लागतं. लांब स्वर, मंद लय, त्यामुळे लपायला जागाच नाही. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली तेव्हाचा, पेटीचे ठोकून बसवलेले स्वर आपल्या गाण्याला चालतात का हा, वाद आठवला. आमच्या बेसमेंटमध्ये तो पुन्हा पेटला, फक्त या वेळी एका बाजूला काऊबॉय टोपी होती.

काकांनीच तोड काढली. "अरे, मी ग कशाला वाजवू? तो आहे ना गंधाराला. मी सा आणि प धरतो." आणि खरंच तेवढंच वाजवलं: नुसता षड्ज-पंचम, कॉर्ड बदलला की त्याचा षड्ज-पंचम. पेटीवर तीस वर्षं बोटं फिरवलेल्या माणसानं दोन स्वरांत गाणं काढलं. वरचा गंधार स्टीलचा, त्याला हवा तसा उतरलेला. ज्यांच्याकडे पेटी, अकॉर्डियन किंवा सिंथ पॅड आणि फ्रेट नसलेलं वाद्य एकत्र आहे त्यांनी ट्यूनिंगचे प्लगइन लावण्याआधी हे करून बघा. ऑटोट्यूनपेक्षा गंधार काढून टाकणं स्वस्त पडतं.

बाकीचे

फिडल: रिबन माईक, वाद्याच्या वर साधारण तीन फुटांवर, खाली रोखलेला. बेसमेंटचं छत बुटकं, आणि रिबन मागूनही तितकंच ऐकतो, म्हणून माईकच्या डोक्यावर रॉकवूलची जाड पाटी टांगली. ती काढून एकदा ऐकलं तर फिडल डब्यात कोंबल्यासारखी. हीटिंग बंद ठेवावं लागतं, आणि मग वाजवणाऱ्या बाईंची बोटं गारठतात. अजून उपाय सापडलेला नाही, गरम चहा वगळता.

दुसरा आवाज: हे काम सर्वात हळू चाललंय. ताईंच्या वरचा आवाज गाणारी मुलगी शास्त्रीय शिकलेली, सूर पक्का, पण शेजारी कुणी मूळ चाल गायलं की ती नकळत त्याच्याकडे ओढली जाते. तिला हार्मनी म्हणून शिकवणं सोडलं. तिची ओळ वेगळी चाल म्हणून सरगमीत लिहून दिली, ताईंचा आवाज हेडफोनमध्ये निम्म्यावर आणला. १ वरून ४ वर जाताना सा धरून ठेव, ५ वर जाताना प धरून ठेव, हे तिला लगेच पटलं. तानपुरा डोक्यात असलेल्यांना न हलणारा स्वर जास्त जवळचा.

मँडोलिन पुण्याहून आलं. ऋतूप्रमाणे साडेदहा-साडेअकरा तासांचा फरक, त्यामुळे मी झोपतो तेव्हा तिकडे टेक होतो. एका गाण्याची फाइल उघडली तर मँडोलिन दीड अर्धस्वर वर आणि पळत सुटलेलं. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न होता शिरली की हेच होतं. आता सगळ्यांना पाठवतो त्या चिठ्ठीत पहिली ओळ तीच आहे: ४८, २४ बिट, फाइल शून्याव्या सेकंदापासून, सुरुवातीला दोन बारचा टकटकाट.

जागा कुणाची

पाहुण्यांचे अल्बम म्हटले की इथे सगळे निटी ग्रिटी डर्ट बँडच्या १९७२ च्या तीन रेकॉर्डींच्या संचाचं, 'विल द सर्कल बी अनब्रोकन'चं, नाव घेतात. ऑगस्ट १९७१, याच शहरातला वुडलँड स्टुडिओ, केसाळ पोरांच्या बँडबरोबर मदर मेबेल कार्टर, अर्ल स्क्रग्ज, डॉक वॉटसन, मर्ल ट्रॅव्हिस, रॉय एकफ. रेकॉर्डिंग थेट दोन ट्रॅकवर. म्हणजे नंतर कुणाला गप्प करायची सोयच नाही. कोण कुठे वाजवणार ते वाजवण्याआधी ठरलेलं. आपल्याकडे ट्रॅक अमर्याद, म्हणून आपण सगळ्यांना सगळीकडे वाजवू देतो आणि नंतर निवडू म्हणतो. मला हे पटेनासं झालंय. 'नंतर निवडू' म्हणजे कुणाला तरी वाढलेल्या पानावरून उठवणं.

म्हणून आता चार्टवर आकड्यांच्या बाजूला नावही लिहितो. पहिलं कडवं: मोकळ्या जागा स्टीलच्या, बाकी सगळे गप्प. दुसरं कडवं फिडल. ध्रुवपदात मँडोलिनचे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचे ठोके, आणि कुणीही सुरावट वाजवायची नाही. इथल्या सेशनवाल्यांना हे सांगावंच लागत नाही. ते टेकच्या आधी "पहिलं तू घे, दुसरं मी" असं आपसात वाटून घेतात. मित्रमंडळींना सांगावं लागतं, आणि आधी सांगितलं तर कुणालाही वाईट वाटत नाही. टेलिकास्टरवाला (इलेक्ट्रिक गिटारवाला) उलट खूश झाला, त्याला फक्त शेवटचे आठ बार मिळाले तर त्यानं ते महिनाभर घोकून आणले.

अडकलंय ते बँजोचं. त्याचे ट्रॅक ही पद्धत सुरू होण्याआधीचे. बोटांचे रोल पहिल्या बारपासून शेवटच्यापर्यंत अखंड, स्वच्छ, एकही ठोका इकडेतिकडे नाही. आणि गाण्याला ते फक्त शेवटच्या ध्रुवपदात हवेत. तिथे ते आले की गाणं उठतं, आधीपासून असले तर उठायला काही उरत नाही. तो पुढच्या शनिवारी रफ मिक्स ऐकायला येतोय. दोन्ही मिक्स तयार ठेवलेत, आधी छाटलेला लावणार आहे. माउथऑर्गनवाला त्याच दिवशी दुपारी येईल. त्याच्यासाठी जी आणि डी या पट्ट्यांतली गाणी बाजूला काढलीत, चार्टवर नाव लिहून.