आईच्या दातांची उघडी मुळे

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या खिडकीपाशी बसवून आईचा खालचा ओठ मी बोटाने बाजूला केला, तेव्हा तिच्या डावीकडच्या दोन दाढांच्या मुळाशी, हिरडीला अगदी लागून, पिवळसर तपकिरी पट्टे दिसले. वरून त्या दाढा धडधाकट होत्या. "दुखत नाही ना वं, मग कशाला जायचं डॉक्टरकडे?" असे ती म्हणाली. माझीही कीड म्हणजे दाताच्या माथ्यावरचा काळा खड्डा एवढीच समजूत असल्यामुळे, आणखी दोन आठवडे त्यातच गेले.

पहिल्या दंतवैद्यांनी पाच मिनिटे पाहून सांगितले की या वयात मुळे किडली म्हणजे काही उरत नाही, दोन्ही दाढा आणि शेजारचे दोन दात काढून कवळी बसवावी. आई मान डोलावून उठली. मला मात्र ते पटले नाही, कारण मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले आहे, आणि खनिज विरघळते त्याच मार्गाने, परिस्थिती उलटी केली तर, ते पुन्हा बसूही शकते, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही.

दाताचा माथा ज्या एनॅमलने झाकलेला असतो, त्यात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. मुळावर एनॅमल नसते. तिथे सिमेंटमचा पातळ थर असतो, ज्यात खनिज जेमतेम निम्मे, आणि त्याच्या आत डेंटिन, ज्यात सुमारे ७० टक्के. उरलेला भाग बहुतांशी कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचा आणि पाण्याचा. हिरडी जागेवर असते तोवर मूळ झाकलेले राहते, पण वय, हिरड्यांचे जुने आजार, आणि बोटाने किंवा कडक ब्रशने वर्षानुवर्षे घासलेले खरखरीत मंजन यांमुळे हिरडी खाली सरकते आणि जो भाग उघड्यावर येण्यासाठी घडलाच नव्हता तो उघडा पडतो. आईने चाळीस वर्षे लाल मंजन वापरले. आमच्याकडे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, खाणाऱ्यांच्या हिरड्यांची अवस्था तर वेगळी सांगायलाच नको.

दुसरा फरक आम्लाचा. तोंडातील जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात हे सर्वांना ठाऊक असते. एनॅमल विरघळू लागते ते पीएच (आम्लता मोजणारा अंक, जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेल्यावर, तर मुळाचे डेंटिन ६.२ ते ६.७ च्या दरम्यानच विरघळू लागते. पीएचमधील एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, त्यामुळे ज्या सौम्य आंबटपणाने माथ्याला काहीच होत नाही तो मुळाला पुरेसा असतो. खनिज निघून गेले की आतले कोलॅजनचे तंतू उघडे पडतात, आणि लाळेतील व खुद्द डेंटिनमधील विकरे (एन्झाइम) ते तंतू तोडू लागतात. खरी हानी या दुसऱ्या टप्प्यात होते. तंतूंचा सांगाडा शाबूत असेल तोवर कॅल्शियम आणि फॉस्फेट परत येऊन त्यावर बसू शकतात. सांगाडाच गेला तर त्यांना धरायला जागा उरत नाही.

हे कॅल्शियम आणि फॉस्फेट येते लाळेतून. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आम्ल धुऊन नेते, त्याची धार बोथट करते आणि खनिज परत पुरवते. आईला रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तिचे तोंड कोरडे पडत होते. नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, घसा कोरडा पडणे कुणालाच विशेष वाटत नाही. त्यावर तिने स्वतःच शोधलेला उपाय म्हणजे उशाशी ठेवलेली खडीसाखरेची डबी. दिवसातून आठ-दहा वेळा एक खडा गालात धरायचा, रात्री जाग आली की आणखी एक. एका खड्यानंतर तोंड पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो, आणि लाळ कमी असेल तर त्याहूनही जास्त. म्हणजे तिची मुळे जवळजवळ अखंड आम्लात होती, आणि खडा नेमका त्याच डाव्या गालात असायचा. त्या डबीने कीड वाढवली, हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आले त्या दिवशी मला फार वाईट वाटले, कारण ती डबी दर महिन्याला इतवारीतून भरून आणणारी मीच होते.

धंतोलीतल्या दुसऱ्या डॉक्टर बाईंनी पहिल्या भेटीत कोणतेही यंत्र चालवले नाही. त्यांनी प्रोबचे, म्हणजे दात तपासायच्या बारीक सळईचे, टोक त्या पट्ट्यावर अगदी हलके टेकवले, आणि ते ओल्या चामड्यात रुतावे तसे किंचित आत गेले. मग शेजारच्या दातावर टेकवून दाखवले, तिथे टक् असा आवाज आला. रुतते ती चालू कीड. कडक, गडद आणि चकचकीत झालेला डाग म्हणजे थांबलेली कीड, असे त्यांनी समजावले.

त्यांनी एका दाढेवर, जिथे पोकळीच पडली होती, मऊ भाग हाताच्या अवजाराने काढून ग्लास आयोनोमर सिमेंट भरले. ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९७२ मध्ये मांडलेले हे सिमेंट दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते आणि भोवताली हळूहळू फ्लोराइड सोडत राहते, म्हणून हिरडीलगतच्या ओलसर जागी ते उपयोगी पडते. दुसऱ्या दाढेला सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावले. कापसाने जागा कोरडी केली, बारीक ब्रशने एक थेंब लावला आणि मिनिटभर थांबले. आईने तोंड वाकडे करून "लोखंड चाटल्यासारखं लागतं" एवढेच म्हटले. यातील चांदी जिवाणू मारते आणि फ्लोराइड उरलेल्या खनिजाला आम्लापुढे टिकाव धरायला मदत करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे द्रव्य आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. किडलेला भाग त्याने कायमचा काळा होतो, ही गोष्ट डॉक्टरांनी आधी दोनदा सांगितली आणि आईची संमती घेतली, याबद्दल मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटला.

नात्यातल्या काहींनी विचारले की फ्लोराइड तर विषारी ना, चंद्रपूर-यवतमाळकडच्या गावांत त्यानेच दात खराब झाले. ते खरे आहे, पण तिथे लहानपणापासून, दात आत घडत असतानाच, विहिरी-बोअरच्या पाण्यातून जास्तीचे फ्लोराइड पोटात जात राहिले. आईच्या बाबतीत ते दाताच्या पृष्ठभागावर, थेंबाथेंबाने लावायचे होते.

घरी मंजन गेले, मऊ ब्रश आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आली. ब्रश झाल्यावर थुंकायचे पण चूळ भरायची नाही, ही सवय लावायला तीन आठवडे लागले. फॅमिली डॉक्टरांनी झोपेची गोळी बदलली. उशाशी खडीसाखरेऐवजी साध्या पाण्याची बाटली आणि भाजलेल्या बडीशेपेची वाटी असते. दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचा वार्निश, म्हणजे दातांवरचा चिकट लेप, लावायला आम्ही धंतोलीला जातो.

जानेवारीत डॉक्टरांनी त्याच दाढेवर पुन्हा प्रोब टेकवला. डाग काळाभोर झाला होता, आणि टक् असा आवाज आला. आईने आरसा मागून घेतला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हा काळाच राहणार?" डॉक्टर म्हणाल्या, "हो आजी, काळाच राहणार, पण दाढ तुमचीच राहील." मागच्या भेटीत मात्र उजव्या सुळ्याच्या मुळाशी एक नवा पिवळसर डाग सापडला आहे, अजून पोकळी नसलेला, बोटाच्या नखाएवढाही नाही. त्यावर वार्निश सुरू केले आहे आणि पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे.