रात्री बधिर होणारा हात आणि उपकेंद्रातली सिस्टर

कापसाची वेचणी सुरू झाली की उपकेंद्रात ही तक्रार येतेच: "सिस्टर, रातच्यानं हात बधिर पडते, झटकला का बरं वाटते." बहुतेक वेळा बाईच्या हातात दुखण्याच्या गोळ्या पडतात. खरं तर तपासणी आणि पहिला उपचार सिस्टरच करू शकते, आणि तसा अधिकार तिला लेखी मिळायला हवा.

आधी कोणती बोटं बधिर होतात ते विचारा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल, तर मनगटात नस दबल्याचा, म्हणजे कार्पल टनेलचा संशय घ्या. मनगटं वाकवून दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून 60 सेकंद धरायला सांगा. मुंग्या आल्या तर संशय बळावतो. साखर, थायरॉईड, गरोदरपण हेही पाहा.

करंगळी बधिर असेल तर थांबा. कोपराच्या आतल्या हाडामागची नस जाड लागते का ते चाचपा, अंगावर सुन्न चट्टा शोधा; ही कुष्ठरोगाची लक्षणं असू शकतात. गडचिरोली-चंद्रपूरकडे कुष्ठरोग संपलेला नाही. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. नसेची कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडच्या गोळ्यांनी ताकद परतू शकते. म्हणून इथली चूक सगळ्यात महाग.

कार्पल टनेलला रात्री मनगटाचा पट्टा, निदान 6 आठवडे. इथेच घोळ होतो. बाजारच्या पट्ट्यातली धातूची पट्टी बहुधा वर वाकलेली असते. तशाने मनगट मागे झुकतं आणि नसेवरचा दाब वाढतो. ती पट्टी पट्ट्याच्या खिशातून ओढून काढा, टेबलावर दाबून सपाट करा, परत घाला. मनगट सरळ रेषेत हवं, बोटं मोकळी. फार आवळला तर बाई दोन रात्रींत पट्टा फेकून देते, आणि तिचं बरोबरच असतं.

सकाळी बोट अडकून टक्‌ करून सुटत असेल तर तो ट्रिगर फिंगर. त्याला स्टेरॉईडचं इंजेक्शन लागू शकतं. ब्रिटनमध्ये प्रशिक्षित नर्सही ते देतात. आपल्याकडे तूर्तास डॉक्टरांनीच द्यावं, पण मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, तेव्हा ती तपासायचं काम सिस्टरचं.

अंगठ्याच्या बुडाशी मांस उतरलं असेल किंवा ब्लाऊजचे हुक लागत नसतील तर पट्ट्यात वेळ न घालवता सर्जनकडे पाठवा. चिठ्ठीवर बधिर बोटं, किती महिन्यांपासून, पट्टा किती रात्री घातला आणि साखर किती, एवढं लिहा.